नावं ठेवणं

सेगेदच्या त्या खोलीत बाराही महिने अठरा अंश.
शारोल्ता जूनमध्येही स्वेटर काढत नाही.
भिंतभर ट्रे, ट्रेमध्ये काचेच्या नळ्या,
तळाशी मक्याच्या पिठाची घट्ट लापशी,
तोंडाशी कापसाचा बोळा,
आणि मधल्या चार बोटं हवेत
एकेक घराणं.

पिकल्या केळ्यावर घोंघावतं तेच चिलट.
पण इथे प्रत्येकाचं काहीतरी मोडलेलं,
आणि जे मोडलं तेच नाव.
'पांढरा' म्हणतात त्या जनुकाला,
ज्याचं काम डोळे लाल करणं.
'बिनडोळ्या' डोळे घडवतो.
'मठ्ठ' धड असतो तोवर
माशीला शिकवलेला वास आठवतो.
बिघडेपर्यंत कोणी बारसंच केलं नाही.

माझ्या भाषेत एका टिंबाचं अंतर:
नाव ठेवलं की पाळणा,
नावं ठेवली की उणंदुणं.
इथे दोन्ही एकाच चिठ्ठीवर.

बालिंत नवा आहे. त्याला सगळं लगेच कळायला हवं.
शारोल्ता त्याला आपल्या इमारतीच्या रखवालदाराची गोष्ट सांगते.
तो गेला त्या हिवाळ्यात
पायऱ्यांवर बर्फ साचला, बॉयलर दोनदा बंद पडला,
तिसऱ्या मजल्यावरच्या बहिऱ्या बाईची पत्रं
खालीच, पेटीत कोंबून राहिली.
"तेव्हा कळलं तो काय काय करायचा.
फाटकावरचा दिवाही त्याच आठवड्यात गेला.
म्हटलं, हेही त्याचंच काम.
तर बल्बच जुना होता."
बालिंत हे वहीत लिहितो,
मग बल्बचं वाक्य खोडतो.
ती म्हणते, "तेच ठेव. बाकीचं खोडलंस तरी चालेल."

एक्केचाळीस नंबरचा ट्रे. इथली चिलटं
नळी टेबलावर आपटली की कोसळतात,
पाय वर, पंख थरथरत,
अर्धा मिनिट, कधी जास्त.
मग उठतात, तोंड पुसतात,
काही घडलंच नाही अशी चालू लागतात.

बाकी सगळ्या नळ्या ती आपटूनच रिकाम्या करते,
टक, टक, आणि माश्या नव्या लापशीवर.
या ट्रेपाशी मात्र नवी नळी जुनीवर पालथी धरते,
खिडकीच्या उजेडात,
आणि त्या आपणहून वर चढेपर्यंत उभी राहते.
"उठतातच की त्या," बालिंत म्हणतो.
"उठतात, म्हणून पाडायचं का?"

पाडावं लागतंच, पण दुसऱ्या खोलीत.
तिथे बालिंत त्यांच्यात आणखी एक बिघाड मिसळतो,
पिढ्यान् पिढ्या, जोड्या लावून,
नळी यंत्रावर दहा सेकंद हादरवतो
आणि मोजतो: कोसळल्या, कोसळल्या, कोसळल्या.
चारशे बाराव्या नळीत
सगळ्या उभ्या.
तो धावत येतो, दार लावायचंही विसरतो.

त्या संध्याकाळी टिसा नदीवर
लांब शेपटीच्या माश्यांचा बहर होता,
वर्षातून एकदा, काही तासांचा.
अख्खी संस्था काठावर गेली होती.
शारोल्ता गेली नव्हती. नळ्या बदलायचा वार होता.
तिने भिंगाखाली पाहिलं, बराच वेळ.
दोन ठिकाणी मोडलेली माशी
एका ठिकाणी मोडलेलीपेक्षा
घट्ट पाय रोवून उभी.

"काय नाव ठेवायचं?" बालिंतकडे सात नावं तयार होती,
त्यातली दोन विनोदी.
"पुन्हा करून बघ," ती म्हणाली.
"आधी बल्ब तपास."

मग चिठ्ठीवर पेन्सिलीने
तारीख घातली, ट्रेचा नंबर घातला,
नावाची ओळ कोरी सोडली
आणि बोळा जरा सैल केला.